पिकअपवर पॉप-अप कॅम्पर बनवून घ्यायला छोटे मेकर एवढे महिने का लावतात?

कारण पॉप-अप कॅम्पर, म्हणजे छत वर उचलून आत झोपता येईल अशी गाडीवरची खोली, एका वेळी एखादीच होते हो. नाशिकच्या अंबड-सातपूरला फॅब्रिकेटर भरपूर आहेत, पण वर उचललं जाणारं छत म्हणजे नुसती पेटी नाही, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, शिवून बसवलेलं जाड कापड, छताच्या वजनाला जुळणारे गॅस स्ट्रट (छत उचलून धरणारे गॅसचे दांडे), आणि इगतपुरीच्या पावसात सांध्यातून थेंब यायला नको, हे सगळं दोन-चार माणसं हातानं करतात, त्यात १२ व्होल्टचा फ्रिज यायचा राहिला की काम अडलंच. थांबा, पण बुकिंगला पैसे कमीच द्या, बाकीचे फ्रेम डोळ्यानं बघून. आपला नंबर कितवा ते लिहून घ्या. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाआधी परवानगी लागते, तेवढ्यात पेठ रोडच्या आरटीओत चौकशी उरकून घ्या.