फंक्शनच्या नावावर मालकी कुणाची?

प्रश्न : मॅडम, आमची चार जणांची कंपनी दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करते. बाजारातल्या एका मोठ्या सॉफ्टवेअरला जोडून अनेकांनी आपापले छोटे प्रोग्रॅम लिहून घेतलेत. ते आमच्याकडेही जसेच्या तसे चालावेत म्हणून आम्ही त्यांच्या एपीआयमधली (म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने त्यांच्या सॉफ्टवेअरकडून काम करून घ्यायच्या ठरलेल्या पद्धतीतली) फंक्शनची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची, नावं आणि माहिती द्यायचा क्रम तोच ठेवला. आतला कोड सगळा आमचा. आता त्यांचा माणूस म्हणतो, ही कॉपीराइटची चोरी आहे. खरंच आहे का? सोबत आमच्या आणि त्यांच्या हेल्पची पानं जोडली आहेत.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : मी वकील नाही, प्रोग्रॅम लिहिणारी बाई आहे. नोटीस आलीच तर वकिलाकडे जा. पण तुमचं पत्र वाचताना मला इचलकरंजी आठवली. १९९२ साली तिथल्या एका पतसंस्थेचा ठेवींचा हिशेब मी डीबेस थ्री प्लस या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून दिला होता. व्याज काढायला लावलं की मॅनेजरसाहेब चहाला जायचे, पान खाऊन परत यायचे, तरी पडद्यावर आकडे सरकतच असायचे. मग कुणीतरी फॉक्सप्रो या तशाच पण वेगवान सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या आणून दिल्या. (कुठून आणल्या ते विचारू नका. ती मात्र निखळ चोरी होती.) माझ्या पीआरजी फायली, म्हणजे डीबेससाठी लिहिलेले प्रोग्रॅम, एकही ओळ न बदलता चालल्या. ‘यूज’, ‘सीक’, ‘अपेंड ब्लँक’, आज्ञा सगळ्या त्याच. फरक एवढाच, की साहेबांचा चहा बुडाला.

डीबेसवाल्या अ‍ॅश्टन-टेट कंपनीने ओहायोतल्या छोट्याशा फॉक्स सॉफ्टवेअरवर १९८८ मध्ये खटला भरला होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. १९९० च्या डिसेंबरात न्यायाधीशांनी अ‍ॅश्टन-टेटचाच कॉपीराइट उडवून लावला. डीबेसचं मूळ नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होतं आणि नोंदणी करताना ते सांगितलंच नव्हतं! पुढे तो निकाल मागे घेतला गेला, बोरलँडने कंपनी विकत घेतली आणि खटला मिटला. तुमचा प्रश्न मात्र तसाच लटकत राहिला.

तो खऱ्या अर्थाने लढला गेला ऑरॅकल आणि गूगल यांच्यात. ऑरॅकलने २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स घेतली, तिच्याबरोबर जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आली, आणि त्याच वर्षी खटला. अँड्रॉइडसाठी गूगलने जावाच्या ३७ पॅकेजेसमधल्या (पॅकेज म्हणजे तयार फंक्शनचा गठ्ठा) सुमारे ११,५०० ओळी उचलल्या होत्या. या ओळी काम करत नाहीत, कामाला हाक कशी मारायची ते सांगतात. दोन आकड्यांतला मोठा हवा असेल तर ‘मॅथ डॉट मॅक्स’ म्हणा, कंसात दोन आकडे द्या. मोठा आकडा शोधणारा कोड गूगलने स्वतः लिहिला. हाक बदलली असती, तर जावा शिकलेल्या पोरांना पुन्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसावं लागलं असतं.

सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश विल्यम अल्सप स्वतः हौसेने प्रोग्रॅम लिहिणारे. ‘रेंजचेक’ नावाच्या नऊ ओळींच्या फंक्शनवर वाद चालला होता, तेव्हा असलं काही आपण कितीतरी वेळा लिहिलंय, असं ते भर कोर्टात म्हणाले. अशा हाकांना कॉपीराइट नाही, असा त्यांनी २०१२ मध्ये निकाल दिला. वरच्या कोर्टाने तो फिरवला. २०१६ मध्ये ज्युरीने ‘रास्त वापर’ (मालकाच्या परवानगीशिवायही कायद्याला चालणारा वापर) म्हणून गूगलला सोडलं, वरच्या कोर्टाने तेही फिरवलं. शेवटी ५ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गूगलचा वापर रास्त ठरवला.

पण मूळ प्रश्नाला त्यांनी हातच घातला नाही. कॉपीराइट आहे असं घटकाभर धरून चालू, तरी हा वापर रास्तच, एवढंच म्हणाले. मला हे पटलं नाही. रास्त वापर सिद्ध करायला दहा वर्षांची वकिली फी लागते. गूगलकडे ती होती, तुम्ही चौघे कुठून आणणार? युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्येच, एसएएस या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात, प्रोग्रॅम काय काम करतो आणि कुठल्या भाषेत आज्ञा घेतो याला कॉपीराइट नाही, असं सरळ सांगून टाकलं होतं.

विरोधी मत देणारे न्यायमूर्ती थॉमस यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. चांगला एपीआय रचायला अक्कल लागते. मी स्वतः भिकार रचलेत, म्हणून सांगते. पण त्या अकलेचं मोल वाढतं ते हजारोंनी तो शिकून घेतल्यावर, आणि ते शिकण्याचे कष्ट कंपनीचे नसतात. माझ्या ‘अपेंड ब्लँक’वर अ‍ॅश्टन-टेटने हक्क सांगितला असता, तर तो माझ्या बोटांवरच सांगितल्यासारखा होता.

आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात प्रोग्रॅमला साहित्यकृतीचा दर्जा आहे. पण दुसऱ्याच्या प्रोग्रॅमशी आपला जुळावा म्हणून लागणारी आणि सहज न मिळणारी माहिती काढायला कलम ५२ मुभा देतं, अर्थात त्या प्रोग्रॅमची तुमची प्रत कायदेशीर असेल तरच. त्यांचं सॉफ्टवेअर बसवताना ‘मान्य आहे’वर टिचकी मारलीत, तो करार काढून वाचा; कॉपीराइटपेक्षा तोच जास्त अडचणीत आणू शकतो.

आता ती दोन पानं. त्यांच्या एका फंक्शनच्या नावात ‘रिसीट’ या शब्दातला ‘पी’ गळलाय. तो तुम्हीही गाळलात, बरोबर केलंत. दुरुस्त केला असता तर कुणाचाच प्रोग्रॅम चालला नसता. पण खालच्या समजावून सांगणाऱ्या मजकुरातही तुमचा ‘पी’ त्यांच्यासारखाच गळलाय, आणि वाक्यंही तीच आहेत. ते पान आजच काढा आणि स्वतः लिहा.