जुने ग्रंथ, जीर्ण कागद आणि अनुदानाचा अर्ज : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

विद्यापीठ आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांतील दुर्मीळ संग्रहांचे जतन, डिजिटायझेशन आणि त्यासाठीचा निधी या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या विद्यापीठ ग्रंथालयात सुमारे ५०० पोथ्या, मोडी कागदांचे काही रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि १९००पूर्वीची छापील मराठी पुस्तके आहेत. सगळ्यांचा मिळून एकच प्रस्ताव हस्तलिखितांच्या केंद्रीय योजनेकडे पाठवला होता, तो परत आला. अनुदान मिळते तरी कुठे?

प्रस्ताव परत येण्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे. तुमच्याकडे तीन वेगळे संग्रह आहेत आणि त्यांची दारेही तीन आहेत.

राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली सुरू झाले. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात त्याच कामासाठी ‘ज्ञान भारतम्’ मिशनची घोषणा झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन हे त्याचे उद्दिष्ट आहे. पांडुलिपी मिशनची हस्तलिखिताची व्याख्या काटेकोर आहे : हाताने लिहिलेले, किमान ७५ वर्षे जुने आणि शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाचे. छापील आणि शिळाप्रेसची पुस्तके त्यात बसत नाहीत. महसुली कागद, सनदा, फर्माने यांनाही ही व्याख्या वगळते, कारण ती दप्तरे मानली जातात. मात्र मोडी लिपी आहे म्हणून कागद आपोआप दप्तर ठरत नाही. मोडीतली बखर, वैद्यकाचे बाड किंवा अभंगांची वही हे हस्तलिखितच आहे. तेव्हा रुमाल सोडून आतले कागद या कसोटीवर वेगळे करा. हे काम कंटाळवाणे आहे, पण अर्जाचे निम्मे यश त्यातच आहे.

दप्तरे आणि दुर्मीळ छापील ग्रंथ यांच्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराची अर्थसाहाय्य योजना पाहा. जुने पीएच.डी. प्रबंध असतील तर ते या कशातच घालू नका, त्यांची वाट इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेच्या ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्याकडे जाते. परदेशी निधीत ब्रिटिश लायब्ररीचा ‘एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ २००४पासून आहे आणि तो जुन्या काळाच्या साहित्यासाठी आहे. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या साहित्यासाठी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ‘मॉडर्न एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ आहे. दोन्हींमध्ये मूळ वस्तू देशाबाहेर जात नाही, परदेशी जाते ती फक्त डिजिटल प्रत. अर्जाची फेरी खुली आहे का, हे आधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा.

छापील पुस्तकांसाठी आमच्या मते सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, हा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे आणि ग्रंथालये तो फारच कमी वापरतात. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या परिशिष्टात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे रक्षण हा विषय स्पष्ट नोंदवलेला आहे. विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ अंमलबजावणी संस्था होऊ शकते, त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-१’ नोंदणी करावी लागते. कंपन्यांचा वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला ठरतो. म्हणून प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या टेबलावर हवा. ऑक्टोबरमध्ये गेलात तर उरलासुरला निधी हाती लागेल किंवा तोही नाही.

प्रश्न : अंदाजपत्रक कसे मांडायचे? पुरवठादाराने ओव्हरहेड स्कॅनरचे कोटेशन दिले आहे, तेच जोडले तर चालेल का?

नाही. ज्या अंदाजपत्रकात यंत्र निम्म्याहून जास्त पैसा खाते, ते परीक्षक पहिल्या वाचनातच बाजूला ठेवतात आणि ते बरोबरच करतात. निधी संग्रहासाठी मागायचा असतो, त्यामुळे सुरुवात मोजणीने करा.

वरच्या पत्रातल्या ५०० पोथ्याच घेऊ. सरासरी ८० पत्रे, म्हणजे पोथीची सुटी पाने, धरली तर दोन्ही बाजू मिळून ८०,००० प्रतिमा होतात. सरासरी अंदाजाने लिहू नका. कपाटातल्या दर दहाव्या पोथीची पत्रे प्रत्यक्ष मोजा आणि त्यावरून काढा. एक जण पत्र उलटणारा आणि एक जण कॅमेरा चालवणारा अशी जोडी जीर्ण पोथ्यांवर दिवसाला ६००च्या आसपास प्रतिमा नीट काढते. पुरवठादार हजारांचे आकडे सांगतात, ते सुट्या, धडधाकट कागदांचे असतात. ८०,०००ला ६००ने भागून सुमारे १३३ दिवस येतात. पाच टक्के फेरछायाचित्रण धरा, म्हणजे १४०. महिन्याला २२ कामाचे दिवस धरले तर साडेसहा महिने लागतील.

कॅमेऱ्याची निवडही मापावरून होते. ३० सेंटिमीटर लांब आणि १२ रुंद पोथीच्या पत्राभोवती रंगपट्टी व मोजपट्टीसाठी जागा सोडली की चौकट साधारण ३४ बाय १६ सेंटिमीटर होते. प्रति इंच ४०० पिक्सेल हवेत तर लांबीला सुमारे ५,३५० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लांबीला ६,००० असतात, म्हणजे भागते. वर्तमानपत्राचे ५६ सेंटिमीटर उंच पान मात्र याच कॅमेऱ्यात इंचाला २७०च्या आसपास उतरते आणि बारीक टाइपातल्या वेलांट्या-रफार पुसट होतात. तिथे ४५ मेगापिक्सेल मागा आणि हे गणित अर्जात लिहा. महागडे उपकरण का हवे, हे पानाच्या मापाने सांगितले की त्यावर आक्षेप येत नाही.

साठवणीचे गणित : वरच्या चौकटीची २४-बिट रंगीत, न दाबलेली टिफ फाइल (तपशील न गमावणारे प्रतिमा-स्वरूप) सुमारे ४० एमबीची होते. ८०,००० प्रतिमांना ३.२ टीबी. तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. म्हणजे दहा टीबी जागा हवी. अनुदान संपल्यानंतरच्या पाच वर्षांची साठवण कोण करणार, याचे विद्यापीठाच्या वित्त व लेखा अधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र जोडा. हे पत्र नसणे हा सर्वांत जास्त आढळणारा दोष आहे.

सूचीकरणाला लोक एक ओळ देतात. जाणकार माणूस दिवसाला आठ-दहा पोथ्यांची नीट नोंद करतो, म्हणजे ५०० पोथ्यांना दोन ते तीन महिने लागतात. नोंदीत ग्रंथनाम, कर्ता, लेखनिक, पुष्पिकेतला (पोथीच्या शेवटच्या समाप्ती-मजकुरातला) शक, पत्रसंख्या, गहाळ पत्रे, माप, ओळी, लिपी, भाषा आणि स्थिती हवी. शकात ७८ मिळवून इसवी सन काढतात, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या मित्यांना ७९ मिळवावे लागतात. नोंद करणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर पोथ्यांवर चुकीचे साल कायमचे चिकटते.

आणखी एक बारकावा, कारण यात काम हमखास घसरते. पोथीत पत्राचा क्रमांक परंपरेने मागच्या बाजूला लिहिलेला असतो. पहिल्या पत्राची पुढची बाजू बहुधा कोरी असते किंवा तिच्यावर फक्त नाव असते. कॅमेरा चालवणाऱ्याने आकडा असलेली बाजू पुढची समजली, की सगळी पोथी एका बाजूने सरकते. कोऱ्या बाजू वगळल्या की पत्रसंख्या आणि प्रतिमासंख्या यांचा मेळ बसत नाही. त्यामुळे कोरी बाजूही टिपायची. फाइलच्या नावात पोथी क्रमांक, पत्र क्रमांक आणि बाजू एवढेच ठेवा. नावे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत द्या, मोकळी जागा सोडू नका. लेखनिकाने एखादा क्रमांक दोनदा घातला असेल तर तो तसाच ठेवून नोंदीत लिहा, स्वतः सुधारू नका.

प्रश्न : जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली हात लावताच तुटतात. आधी दुरुस्ती की आधी स्कॅनिंग? काही पानांवर पूर्वी प्लॅस्टिकसारखे आवरण चढवलेले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वर्तमानपत्री कागद दळलेल्या लाकडाच्या लगद्याचा होऊ लागला. त्यात लाकडातले लिग्निन हे द्रव्य राहते, तुरटी-राळेच्या खळीने आम्लता वाढते आणि तंतू आखूड होत जातात. पानाचा एक कोरा कोपरा पुढे-मागे दुमडून पाहा. एक-दोन दुमडींतच तुटला तर ते पान ठिसूळ या वर्गात टाका. संपूर्ण फाइलसाठी अशी तीन-चार पाने पुरतात.

ठिसूळ पाने एकदाच हाताळायची, म्हणून कॅमेरा आधी. त्याआधी मऊ ब्रशने धूळ काढणे, घड्या सपाट करणे आणि सुटलेला तुकडा जागेवर ठेवणे एवढीच तयारी करा. आम्लनिवारणाचे पाणी बांधीव फायलीला लावता येत नाही, त्यासाठी शिवण सोडवावी लागते. शिवणीत मजकूर अडकला असेल तरच ती सोडवा, आणि तोच अंक दुसऱ्या ग्रंथालयात चांगल्या स्थितीत नाही याची खात्री करूनच. ही चौकशी तशीही करावी लागते. राज्य मराठी विकास संस्थेच्या किंवा इंटरनेट आर्काइव्हच्या साठ्यात तो ग्रंथ वा अंक आधीच असेल तर निधी देणारे पुन्हा पैसे देत नाहीत. गहाळ अंक दोन ग्रंथालयांच्या फायली जुळवून भरणार असाल तर ते मात्र अर्जाचे मोठे बळ ठरते.

आवरण बहुधा सेल्युलोज ॲसिटेटचे असेल. एके काळी ती मान्य पद्धत होती. आता आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते आवरण कुजत आहे. ते स्वतः सोडवू नका. ते विरघळवणाऱ्या ॲसिटोनने शाई आणि शिक्के पसरू शकतात, ते काम प्रशिक्षित संवर्धकाचे. छायाचित्रणात चकाकी येते, त्यावर दिव्यांपुढे आणि लेन्सपुढे ध्रुवण-गाळण्या (पोलरायझिंग फिल्टर) लावणे हा उपाय आहे. जुनी चिकटपट्टीही ओढू नका. दुरुस्तीला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ वापरतात. बाजारातला पांढरा गोंद नको, तो पुढे पाण्याने सुटत नाही.

बुरशी असलेला गठ्ठा पंख्याखाली कधीच सोडू नये. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कोकणात, मुंबईत पावसाळाभर तीच स्थिती असते. छायाचित्रण ऑक्टोबर ते मे आणि सूचीकरण पावसाळ्यात, असे वेळापत्रक अर्जातच मांडा.

प्रश्न : डिजिटायझेशन झालेली पुस्तके सगळ्यांना ऑनलाइन खुली करता येतील का?

लेखकाच्या निधनानंतरचे ६० वर्षांचे संरक्षण संपले असेल तर करता येतील. मुदत निधनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजींचे निधन १९५०चे, म्हणून त्यांचे लेखन २०११पासून मुक्त आहे. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांचे लेखन १ जानेवारी २०३०पर्यंत थांबेल. निनावी किंवा लेखकाच्या निधनोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाची ६० वर्षे प्रकाशनापासून धरतात. अनुवादक, संपादक, चित्रकार यांचे हक्क वेगळे तपासा, ते बहुधा विसरले जातात.

संरक्षणातल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एन)मध्ये २०१२च्या दुरुस्तीने आली. ती अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला आहे आणि मूळ प्रत संग्रहात असली पाहिजे. विद्यापीठ ग्रंथालय त्या शब्दांत बसते, असे विधी कक्षाचे लेखी मत घेऊन अर्जाला जोडा. जतन आणि प्रसार यांची सरमिसळ करू नका. यादीत ‘मुक्त’, ‘संरक्षित’ आणि ‘अनिश्चित’ असे तीन रकाने ठेवा.

प्रश्न : परदेशी अनुदान मिळाले तर थेट विद्यापीठाच्या खात्यात घेता येते का?

आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा, पाहावा लागतो. कायद्याने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांकडून होणे बंधनकारक आहे, अशा संस्थांना २०२०च्या अधिसूचनेने सूट आहे. तुमच्या विद्यापीठाला ती लागू होते का, हे विद्यापीठ कायद्यातल्या लेखापरीक्षणाच्या कलमावरून ठरते. संलग्न महाविद्यालय खासगी न्यासाचे असेल तर नोंदणी किंवा त्या एका प्रकल्पापुरती पूर्वपरवानगी लागते. पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो. तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे ‘अनुदान न्यास घेईल, काम विद्यापीठ करील’ अशी रचना चालत नाही. हे सगळे अर्जाआधी मिटवा. मंजुरीनंतर धावपळ केली तर प्रकल्पाचा कालावधी निघून जातो.

प्रश्न : अनुदानाचा दुसरा हप्ता अडकला आहे. काय राहिले असेल?

बहुतेक वेळा उपयोगिता प्रमाणपत्र राहिलेले असते. केंद्राच्या अनुदानाला ते सामान्य वित्तीय नियम २०१७च्या १२-अ नमुन्यात द्यावे लागते. अनुदानावर मिळालेले व्याज तुमचे नसते, ते परत करायचे असते. विद्यापीठाच्या सामायिक खात्यात रक्कम पडली तर हे व्याज वेगळे काढणे अवघड होते, म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतंत्र खाते ठेवा. कॅमेरा, दिवे, डिस्क यांची नोंद जडवस्तू नोंदवहीत आहे आणि तिचा क्रमांक बिलावर आहे, हेही पाहा.

प्रश्न : ठेकेदाराने सगळे काम पीडीएफ करून एका हार्ड डिस्कवर दिले. स्वीकारावे का?

स्वीकारू नका आणि अंतिम देयकही थांबवा. पीडीएफ वाचण्यासाठी असते, जतनाची प्रत टिफच हवी. करारात ‘मूळ टिफ, वाचन-प्रत आणि प्रत्येक फाइलचा चेकसम’ असे शब्द असतील तर मागण्याचा हक्क तुमचाच आहे (चेकसम म्हणजे फाइल बदलली का, हे ओळखण्याचा तिचा आकडा). नसतील तर अजूनही बोलणी करा, कारण मूळ फाइली त्यांच्या संगणकावर काही काळच राहतात. ताबा घेताना सगळ्या प्रतिमा लहान आकारात नजरेखालून घाला आणि त्यांतल्या दहा टक्के प्रतिमा पूर्ण आकारात उघडून तपासा : फोकस, कापलेल्या कडा, बोटांच्या सावल्या, सुटलेली पाने. चेकसम दर सहा महिन्यांनी पुन्हा काढून जुन्याशी ताडून पाहा. जिथे जुळत नाही तिथे दुसऱ्या प्रतीवरून ती फाइल लगेच भरून घ्या.