चारऐवजी दोन गावं, आणि शेवटचा घाट उजेडात

तुमचा बेत थोडक्यात असा: आई-बाबा, आजी-आजोबा आणि ५ व ९ वर्षांची मुलं, सात सीटची गाडी, डोंगरातली चार गावं, एकूण १८० किमी. नकाशा साडेचार तास दाखवतोय. थोरल्याला वळणांवर उलटी होते, आजोबांचे गुडघे दुखतात. दिवस निवांत जाईल का?

या आखणीत नाही जाणार. दोन गावं काढून टाका.

नकाशातला वेळ कुठेही न थांबता चालवण्याचा असतो. घाटात ट्रकमागे रेंगाळणं, धाकट्याची शू, पार्किंगचा शोध धरला तर साडेचारचे साडेसहा कधी होतात कळत नाही. नकाशावर तीन तासांच्या आत बसेल असा मार्ग निवडा आणि पाऊण तासाच्या वर सलग चालवू नका.

उंचावरचं गाव सकाळी घ्या. थंड हवा रात्री दरीत साठते, म्हणून पहाटेचं धुकं बऱ्याचदा खालीच असतं आणि माथा मोकळा. दुपारी उतार तापले की दमट हवा वर चढते, ढग नेमके माथ्यावर जमतात आणि पॉइंटवर जाऊन पांढरा पडदा बघावा लागतो. नऊ ते साडेअकरा वर, जेवण आणि गल्ल्यांतून भटकणं खालच्या गावात. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, त्यात वारा. स्वेटर डिकीत नको, हाताशी हवेत.

आता उलटी. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळण जाणवतं, मोबाइलवर खिळलेल्या डोळ्यांना मात्र सगळं स्थिर दिसतं. ही विसंगती मळमळ आणते. मुलांना तिसऱ्या रांगेत कोंबायची पद्धत आहे, तीच अंगाशी येते. ती रांग मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असते, तिथे हेलकावे जास्त आणि समोरचा रस्ता दिसत नाही. थोरल्याला मधल्या रांगेत मध्यभागी, धाकट्याची चाइल्ड सीट त्याच्या शेजारी, दुसऱ्या बाजूला आजी. आजोबा पुढे. तिसऱ्या रांगेत आई-बाबांपैकी जो चालवत नाही तो! निघण्याच्या तासभर आधी हलकं खाणं द्या. रिकाम्या पोटीही मळमळतं. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा ते एक तास; उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. चालवणाऱ्याने ती घेऊ नये, झोप येते. आणि वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. निम्मी मळमळ ड्रायव्हरच्या पायात असते.

उतरताना कानांना दडे बसतात. मुलांना घोट घोट पाणी पाजत राहा. सर्दी असेल तर त्रास जास्त.

उताराला सगळ्यात मोठी चूक म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून बसणं. चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल मोड किंवा 'एल', म्हणजे लो गिअर. न्यूट्रल अजिबात नको. वेग वाढला की ब्रेक ठामपणे दाबा, वेग पुरेसा उतरला की पूर्ण सोडा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं: डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेल्याची हमी मात्र १४० चीच. उकळलं की नळीत वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. दोन वर्षांत बदललं नसेल तर आधी बदलून घ्या. जळका वास आला तर सपाट जागा बघून अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते. इलेक्ट्रिक गाडी वरच्या गावात शंभर टक्के चार्ज करू नका. बॅटरी भरलेली असली की रीजन (मोटरनेच वेग कमी करून बॅटरी भरणं) जवळजवळ बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

परतीची वेळ उलटी मोजा. दरीतल्या गावात सूर्य पंचांगातल्या सूर्यास्ताच्या तासभर आधीच डोंगराआड जाऊ शकतो. शेवटच्या घाटाचा पायथा उजेडात गाठायचा, त्यातून वेळ वजा करत निघायची वेळ ठरवा. उशीर झाला तर दुसऱ्या गावात थांबायचा वेळ कमी करा. घाटात वेग वाढवू नका.

आजोबांसाठी एक गोष्ट बघा: दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त जाचतो. मग त्यांना बाजारपेठेच्या खालच्या टोकाला उतरवा, गाडी वरच्या टोकाला लावा, आणि वाटेत बसायला बाकं आहेत ना ते नकाशातल्या फोटोंत आधीच पाहून घ्या. डोंगरात रेंज जाते, म्हणून भेटायची जागा उतरण्याआधी ठरवा आणि नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. उलटीच्या पिशव्या पुढच्या सीटमागच्या खिशात. डिकीतली पिशवी वेळेवर मिळत नाही.