लोकांमध्ये राहून केलेलं निरीक्षण संशोधन म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की प्रश्नावली नाही, आकडे नाहीत, मग नुसतं लोकांबरोबर राहणं हे संशोधन कसं? माझं उत्तर: होय, संशोधनच. कारण माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरंच, हे प्रश्नावलीत क्वचितच सापडतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. डेक्कन कॉलेजच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पंढरीच्या वारीत पायी चालल्या. त्यांच्या अनुभवावरच्या लेखाचं इंग्रजी भाषांतर 1962 मध्ये एका अमेरिकन शोधपत्रिकेत आलं. तोंडी एकच विठ्ठल, ओव्या-अभंग तेच. पण एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगवेगळे शिजवत, वेगळ्या पंगतीत जेवत. वारीत जात मानता का, असं कागदावर विचारलं असतं तर बहुतेकांनी ‘छे, माऊलीपुढे सगळे सारखे’ असंच सांगितलं असतं, आणि तेही मनापासून.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. इरावतीबाई मराठा बायकांबरोबर जेवल्या, तेव्हा त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, ‘ताई’ म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्याकडे येऊ, असं ठरत असताना एकीने विचारलं की तिथेही आमच्याशी अशाच वागाल ना? तो प्रश्न त्यांच्या जिव्हारी लागला आणि त्यांनी तो लिहून ठेवला. अभ्यासणाऱ्याचीच परीक्षा घेणारी अशी नोंद दुसऱ्या कुठल्या पद्धतीने हाती आली असती?

मर्यादा आहेतच. एका दिंडीवरून सगळ्या वारीचं प्रमाण काढता येत नाही. त्यासाठी सर्वेक्षणच हवं.