गेरचं ऊन आणि लिंबाचं तेल

प्रश्न: ताई, मी लिंबाचं (लेमन) इसेन्शियल ऑइल ऑनलाइन मागवलं, चहाचे दोन चमचे खोबरेल तेलात पंचवीसेक थेंब टाकून मानेला चोळलं आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याला गेले, दुपारपर्यंत उन्हातच. दुसऱ्या दिवशी मान लालभडक, नुसती आग, आता पंधरा दिवस झाले तरी तपकिरी पट्टे आहेत. सासूबाई म्हणतात रंगात केमिकल असणार. बाटलीवर तर शंभर टक्के नॅचरल लिहिलंय. हेच तेल पाण्यातून घेतलं तर वजन उतरतं म्हणे, घेऊ का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: अहो, रंग तर तोंडावर, हातावर सगळीकडेच उडाला असणार ना, मग पट्टे तेल चोळलं तिथेच कसे? माझा संशय बाटलीवर. साल दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं (बर्गाप्टेन त्यातलंच एक) असतात, ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं आणि लाली गेली तरी डाग महिनोन्‌महिने रेंगाळतात. आणि नॅचरलचं काय घेऊन बसलात, बिब्बा पण नॅचरलच की! अंगावर ठेवायचं तर परफ्युमवाल्यांची मर्यादा २ टक्के आहे, म्हणजे तुमच्या दोन चमच्यांत चारच थेंब. वाफेवर काढलेलं लिंबाचं किंवा गोड संत्र्याचं तेल या बाबतीत गरीब, बर्गामॉट या लिंबाच्याच जातीतल्या फळाचं मात्र आणखी तापट, त्याला ०.४ टक्केच.

प्यायचं तर नावच काढू नका. ते पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि तसंच्या तसं घशाला लागतं. त्यातल्या लिमोनीन नावाच्या द्रव्याचा हिसका मी बघितलाय, गणपतीत माझ्या हातून मखरावर थोडं सांडलं तर बघता बघता थर्माकोल आत बसला, खड्डा पडला, कडा चिकट. याच गुणामुळे काचेच्या बरण्यांवरचा स्टिकरचा डिंक मात्र फक्कड निघतो, कापसाने लावा, पाच मिनिटांनी पुसा, साबणाने धुवा. बाटली त्यातच संपवा.

पट्ट्यांवर लिंबू-बेसन अजिबात चोळू नका, लिंबाच्या सालीत पण तेच असतं. स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर बाहेर जाताना मान ओढणीने झाका. बाटलीवर उघडल्याची तारीख टाकून झाकण घट्ट लावून फ्रिजमधे ठेवा, हवा लागून जुनं झालेलं तेल अ‍ॅलर्जीला जास्त कारण होतं. आणि घरात मांजर असेल तर डिफ्युझरमधे पण घालू नका, तिच्या लिव्हरला हे झेपत नाही.