शनवार तेल्यांची साक्ष

गावात माहिती गोळा करायला पहिल्यांदाच निघाला आहेस. 'लोकांचं सांगणं म्हणजे पुरावा नव्हे' असं कुणी म्हटलं तर खचू नकोस, पण हुरळूनही जाऊ नकोस.

अलिबागजवळचं नवगाव घे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यानपिढ्या सांगत आले, की पूर्वजांचं जहाज इथे फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी त्यांचा तेलाचा घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी तोल. बंद घाणा ही चारचौघांनी पाहिलेली रीत, तिचं वजन जास्त. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात ज्यू आणि भारतीय, दोन्ही वंश दिसले. बाहेरून आलेल्या पूर्वजांची गोष्ट बळकट झाली. जहाज, सात जोडपी यांवर मात्र जनुकं गप्पच.

गणितासारखी सिद्धता इतर विज्ञानांतही नसते रे. स्वतंत्र साक्षी जुळतात का, तेच बघायचं.

वहीत तीन रकाने कर: पाहिलं, ऐकलं, मला वाटलं. आजीचे शब्द तिच्याच बोलीत, तारखेसकट उतरव. आणि शेजारच्या गावात तीच हकीकत विचारताना आधीचं उत्तर तोंडातून निसटू देऊ नकोस.