न्हाणीघरात पाणी तुंबतं आणि वासही येतो, काय करावं?

म्हापशाच्या फ्लॅटमध्ये शॉवर घेताना पाणी घोट्यापर्यंत चढतं आणि चार दिवस गावाला जाऊन आलं की दुर्गंधी येते, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

तुंबण्याचं कारण बहुधा केस आणि खोबरेल. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, म्हणून जानेवारीच्या सकाळी आमच्याकडे फोंड्यात हा त्रास हमखास वाढतो. जाळी उचला, खालच्या नहाणी ट्रॅपमधली (म्हणजे पाणी साठवून गटाराची हवा अडवणाऱ्या खोलगट भांड्यातली) वाटी काढा. हातमोजे घाला, कारण आत केसांचा काळा, बुळबुळीत गोळा निघेल, मेलेल्या उंदरासारखा. तो ओढून काढा, भांड्याच्या साबणाने वाटी घासा, वरून बादलीभर गरम पाणी ओता. उकळतं नको, पीव्हीसी पाइप मऊ पडतो. एवढ्याने भागलं नाही तर प्लंजर किंवा पाइपात घालून फिरवायची प्लंबरची स्प्रिंग.

अ‍ॅसिड मात्र ओतू नका. सेप्टिक टाकी असेल तर त्यातले जिवाणू मरतात, आणि आधी ब्लीच टाकलेलं असेल तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

वासाचं सोपं आहे: ट्रॅपमधलं पाणी सुकलं की गटाराची हवा वर येते. आल्यावर तांब्याभर पाणी ओता. पण वाटीच नसेल तर हवा अडत नाही, आणि प्लंबरला ती परत बसवायचा कंटाळा असतो, तेवढं एकदा वाकून बघाच. माझ्याकडे ती वर्षभर खिडकीत पडून होती!

नवीन फरशी बसवताना तिचा उतार जाळीकडेच आहे ना, हे सिमेंट ओलं असतानाच पाणी ओतून तपासा.